मोटारीतील पाणी किती तापावे?



वसंतव्याख्यानमालेत आपण इतिहास ऐकता, काव्यशास्त्रविनोद ऐकता, अर्थकारण आणि राजकारणही ऐकता. त्या पंक्तीला मोटारीच्या रेडिएटरमधील पाण्याने येऊन बसावे, हे काहींना विचित्र वाटेल. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्हांलाही थोडा संकोच वाटला होता. परंतु मे महिना तोंडावर आला आहे. ह्या मंडपातील पुष्कळ मंडळी येत्या पंधरवड्यात मुलाबाळांना घेऊन महाबळेश्वरला जातील, कोकणात उतरतील, कुलदैवताला जाऊन येतील. वाटेत घाट आहेत. आणि बॉनेट उघडून, वाफ सोडीत उभी असलेली एखादी मोटार घाटात दरवर्षी दिसतेच. तिच्याभोवती घरची माणसे हताश होऊन उभी असतात, आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण गाडीच्या काचेतून सल्ला फेकून जातो. त्या सल्ल्यांपैकी निम्मे चुकीचे असतात. म्हणून हा विषय घेतला.

आमचा प्रश्न अगदी साधा आहे. इंजिनातील पाणी किती तापावे? ह्या प्रश्नाचे उत्तर शंभरांतील नव्वद माणसे एकाच प्रकारे देतील: "जितके कमी तापेल तितके बरे." आम्हीही एके काळी हेच उत्तर देत होतो. त्या उत्तराची किंमत आम्ही कशी मोजली, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब कोरडा वाटणार नाही.

१९९१ सालची गोष्ट. आमच्याकडे तेव्हा एक जुनी मोटार होती. आदल्या पावसाळ्यात ती एकदा थोडी तापली, म्हणून आम्ही तिला गॅरेजमध्ये नेली. तेथे इंजिनाच्या तोंडाशी बसवलेली एक पितळी वस्तू काढून आमच्या हातावर ठेवण्यात आली. "हा थर्मोस्टॅट. हा थंड देशांसाठी असतो. आपल्या हवेत ह्याची गरज नाही. पाणी मोकळं फिरू द्या." आम्हांला हे इतके पटले की घरी येऊन चार मित्रांना आम्ही तोच उपदेश केला.

पुढे हिवाळा आला. गाडी सकाळी लवकर तापेना, चोक बराच वेळ ओढून ठेवावा लागे, चढावर ती कुंथू लागली आणि लिटरमागे जाणारे किलोमीटर कमी झाले. आम्ही पेट्रोलला दोष दिला. मग मे महिन्यात आम्ही सहकुटुंब पाचगणीला निघालो. वाई सोडून पसरणीचा घाट चढू लागलो. अर्ध्या घाटात काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. ज्या गाडीचे पाणी "मोकळे" केले होते तीच उकळली! आमचे मेहुणे मोठ्या तत्परतेने उतरले, त्यांनी टॉवेल हातावर गुंडाळला आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. पुढचा क्षण आम्ही आजही विसरलो नाही. झाकण उडाले, उकळत्या पाण्याचा फवारा वर गेला आणि त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजून निघाला. सुट्टी वाईच्या दवाखान्यात गेली.

हिवाळ्यातील सुस्ती आणि उन्हाळ्यातील उकळी ह्या दोन्हींचे कारण एकच होते, हे पुढे एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आम्हांला समजावले. तो खुलासा यथाक्रम येईलच. आधी मुळापासून सुरुवात करू.

मोटारीचे इंजिन ही उष्णतेवर चालणारी चूल आहे. पेट्रोल जळल्याने जी उष्णता निर्माण होते तिचे स्थूलमानाने तीन वाटे पडतात. एक वाटा, आणि तोही पुष्कळदा पुरता नव्हे, चाके फिरवण्याच्या कामी येतो. दुसरा वाटा सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर जातो. तिसरा वाटा सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात व तेथून हवेत जातो. सपाट रस्त्यावर ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी, लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी घ्या. ती तासाला चार लिटर पेट्रोल जाळते, आणि तिच्या पाण्याला सतत दहा-अकरा किलोवॅट उष्णता वाहून न्यावी लागते. म्हणजे दोन किलोवॅटचे पाच गीझर एकदम चालू ठेवल्यासारखे झाले!

ही उष्णता नेलीच नाही तर काय होईल? सिलिंडरमध्ये स्फोटाच्या क्षणी वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तेव्हा ज्या भांड्यात आपण विस्तव पेटवला आहे ते भांडे त्या विस्तवापेक्षा पुष्कळ आधी वितळणारे आहे. ते वितळत नाही, ह्याचे सारे श्रेय पाठीमागून वाहणाऱ्या पाण्याला आहे.

ही अडचण मोटारीच्या जन्मापासूनची आहे. जर्मनीत कार्ल बेंझ ह्यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. तिच्यात आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि इंजिन त्यामुळे निवे. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टसहाइमला, सुमारे शंभर किलोमीटरांवर, त्या गाडीतून गेली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो हाच. त्या बाईंना वाटेत मिळेल तेथे पाणी भरत जावे लागले. म्हणजे मोटार आणि पाण्याची बादली ह्यांची सोबत पहिल्याच प्रवासापासूनची आहे. पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख ह्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. थोड्या जागेत हवेला पुष्कळ पृष्ठभाग मिळाला, आणि तेच पाणी फिरून फिरून वापरता येऊ लागले.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, "मग बरोबरच आहे. पाणी थंड ठेवा म्हणजे झाले." नेमके येथेच आपण चुकतो. पाण्याचे काम इंजिन थंड ठेवण्याचे नाही, ते योग्य तितके गरम ठेवण्याचे आहे. माणसाचे शरीर सदतीस अंशांना ठीक चालते. ताप एकशे पाचावर गेला की आपण घाबरतो, हे खरे. पण हातपाय गार पडू लागले तर कोणी आनंद मानतो का?

इंजिन थंड राहिले म्हणजे त्याचे तीन प्रकारचे नुकसान होते.

पहिले नुकसान इंधनाचे. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही; त्याची वाफ व्हावी लागते. भिंती थंड असतील तर वाफेचे पुन्हा थेंब होतात. मग जळण्यापुरती वाफ मिळावी म्हणून जास्त पेट्रोल सोडावे लागते. जुन्या गाड्यांत हे काम चोक करी, आजच्या गाड्यांत संगणक करतो. त्यातील न जळलेला भाग धुरातून बाहेर जातो, किंवा सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढतो. तेल धुतले गेले की धातूवर धातू घासतो.

दुसरे नुकसान तेलाच्या दाटपणाचे. नेहमीच्या वापरातील १०-डब्ल्यू-३० जातीचे तेल ४० अंशांना जितके दाट असते त्याच्या सुमारे एकषष्ठांश दाटपणा त्याला १०० अंशांना उरतो. थंड इंजिन म्हणजे चिखलातून चालणारा माणूस. चालण्यातच त्याची शक्ती खर्च होते, ओझे उचलायला फारशी उरत नाही.

तिसरे नुकसान लपलेले आहे, आणि ते ऐकून पुष्कळांना नवल वाटते. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. पेट्रोलमधील हायड्रोजन आणि हवेतील प्राणवायू ह्यांचा तो संयोग आहे. गरम इंजिनात हे पाणी वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून निघून जाते. थंड इंजिनात त्यातील काही भाग भिंतींवर दव पडावे तसा जमतो, ज्वलनातून आलेल्या आम्लांशी मिसळतो, धातू कुरतडतो आणि खाली तेलात उतरतो. तेल भरण्याच्या झाकणाला आतून दह्यासारखा पांढुरका थर दिसतो तो बहुधा ह्याचाच. सिलिंडर झिजतात ते घर्षणाने, असे पूर्वी सर्वांना वाटे. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात ह्या विषयावर पद्धतशीर प्रयोग झाले, आणि थंड सिलिंडरात झिजेचा मोठा वाटा गंजण्याचा असतो असे दिसून आले.

आता आपल्याच गावातील एक चित्र पाहा. गाडी घरून निघाली, मंडईत गेली, दहा मिनिटे उभी राहिली, परत आली. एकंदर दोन किलोमीटर. मालक अभिमानाने सांगतो, "आमची गाडी मुळीच दमवलेली नाही." खरे तर त्या गाडीला कधी पुरते गरमच होऊ दिलेले नाही. पाणी काही मिनिटांत तापते. तेलाला त्याहून जास्त वेळ लागतो. अशा गाडीचे तेल लवकर बिघडते आणि पेट्रोल जास्त जाते. ह्यावर उपाय म्हणून कित्येक लोक सकाळी गाडी दारात उभी ठेवून इंजिन चालू करतात. तोही उपाय नव्हे. उभ्या गाडीचे इंजिन सावकाश तापते, म्हणजे तोट्याचा काळ उलट वाढतो. अर्धा-एक मिनिट थांबून हळू निघावे आणि पहिले काही किलोमीटर इंजिनावर जोर देऊ नये, हे उत्तम.

ह्या तिन्ही नुकसानांवर उपाय करणारी वस्तू म्हणजे आमच्या हातावर ठेवलेली ती पितळी डबी. तिच्यात एक विशिष्ट मेण कोंडलेले असते. ठराविक तापमानाला हे मेण वितळते, वितळताना फुगते आणि एक दांडा बाहेर ढकलते. दांडा झडप उघडतो. मेणाची ही युक्ती अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट ह्यांनी १९३० च्या दशकात काढली, आणि ती इतकी पक्की ठरली की आजच्या नव्या गाडीतही तीच असते. तिला वीज लागत नाही आणि किल्लीही द्यावी लागत नाही. गाडी सुरू होते तेव्हा झडप बंद असते. पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. ते सुमारे ८२ ते ९० अंशांना, गाडीगणिक थोडेफार कमीजास्त, पोचले की झडप उघडू लागते.

आता मिस्त्रींचा खुलासा. ते म्हणाले, "साहेब, ह्या इंजिनात पाण्याला दोन वाटा आहेत. एक रेडिएटरची लांबची, एक आतली जवळची. थर्मोस्टॅट लांबची वाट उघडतो तेव्हाच जवळची झाकतो. तुम्ही तो काढलात, म्हणजे जवळची वाट कायमची उघडी राहिली. पाणी माणसासारखंच आहे, ते जवळच्या वाटेनंच जाणार." थंडीत लांबच्या वाटेने जाणारे थोडे पाणीही इंजिन गार ठेवायला पुरत होते. घाटात मात्र सर्वच्या सर्व पाणी रेडिएटरमध्ये जायला हवे होते, आणि तेव्हा त्यातील मोठा भाग न निवताच इंजिनात परत येत होता. सर्वच इंजिनांची रचना अशी दुहेरी झडपेची नसते. परंतु ज्यांची असते त्यांचा थर्मोस्टॅट काढणे म्हणजे थंडीत गारठणे आणि उन्हाळ्यात उकळणे, दोन्ही एकदम विकत घेणे आहे.

थंडीची बाजू झाली. आता अति तापण्याची बाजू पाहू.

इंजिन फार तापले की त्याचे बळ का कमी होते? बाहेरची हवा सिलिंडरात शिरताना गरम भिंतींना लागून तापते. तापलेली हवा विरळ होते. नेहमीच्या तापमानाच्या आसपास हवा दहा अंशांनी अधिक तापली की त्याच जागेत सुमारे तीन टक्के कमी मावते. हवा कमी म्हणजे प्राणवायू कमी, प्राणवायू कमी म्हणजे जाळता येणारे पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे बळ कमी. ह्याहून मोठी गोष्ट ठोके पडण्याची. चढावर गाडीतून खडखड असा आवाज येतो तो आपण ऐकला असेल. सिलिंडर फार गरम असला की ठिणगीपासून पेटलेली ज्योत पोचण्याच्या आधीच कोपऱ्यातील वायू आपोआप भडकतो. पिस्टनवर हातोडा मारल्यासारखे होते. आजच्या गाडीतील संगणक हा ठोका ओळखतो आणि ठिणगी थोडी उशिरा पाडतो. ठोका थांबतो, पण बळही उतरते. पुष्कळ गाड्यांत पाणी फार तापले की संगणक वातानुकूलन यंत्रही बंद करतो. आपण म्हणतो, "ए.सी. बिघडला." वस्तुतः गाडी आपला जीव वाचवीत असते.

ह्याही पुढे गेले तर प्रकरण खर्चाचे होते. तेल पातळ होऊन त्याचा पापुद्रा तुटू लागतो. इंजिनाचे वरचे झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते ॲल्युमिनियमचे आणि पुष्कळ इंजिनांत खालचा ठोकळा बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. तापमान मर्यादेत असेल तर ही ओढाताण मधले गॅस्केट सोसते. मर्यादा सुटली की हेड वाकते, गॅस्केट फाटते, पाणी तेलात आणि तेल पाण्यात जाते. दहा मिनिटांचा हट्ट आणि दोन महिन्यांची मिळकत, असा तो सौदा असतो.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? साधारणतः ८५ ते १०५ अंश. मंद, सपाट रस्त्यावर गाडी ह्यांपैकी वरच्या टोकाला चालली तर तेल पातळ राहते, घर्षण कमी होते आणि पेट्रोल वाचते. पूर्ण जोर लावायचा असेल तर खालचे टोक बरे, कारण हवा जास्त मावते आणि ठोके टळतात. हे ओळखून काही नव्या गाड्यांत थर्मोस्टॅटच्या मेणाला विजेची छोटी शेगडी जोडलेली असते, आणि संगणक प्रसंग पाहून पाणी कधी जास्त गरम, कधी कमी गरम ठेवतो.

येथे एखादा चिकित्सक श्रोता विचारील, "पाणी तर शंभर अंशांना उकळते. १०५ अंशांचे पाणी कसे?" ह्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. कुकरचे झाकण घट्ट लावले की आतील दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता तापते. म्हणून डाळ लवकर शिजते. रेडिएटरचे झाकण हे कुकरचेच झाकण आहे. त्याला आत शिट्टीसारखी झडप असते, आणि पुष्कळ गाड्यांत ती सुमारे एक वातावरण जादा दाब राखते. झाकणाचे रबर झिजले की दाब राहत नाही आणि गाडी विनाकारण उकळते. थोड्या पैशांचे झाकण बदलायचे सोडून लोक रेडिएटर बदलतात, असे आम्ही पाहिले आहे.

ह्यात उंचीचाही भाग आहे. दर तीनशे मीटर चढले की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. मुंबईत शंभर अंशांना उकळणारे पाणी पाचगणीला सुमारे ९६ अंशांनाच उकळते. झाकण चांगले असले तरी घाटमाथ्यावर दोन-तीन अंशांची सवलत कमी होतेच. आणि घाट म्हणजे काय, हेही आकड्यांत पाहू. वाई ते पाचगणी चढण सुमारे साडेपाचशे मीटरांची. माणसांसह तेराशे किलो वजनाची गाडी तेवढी वर उचलण्यासाठीच पाऊण लिटराहून अधिक पेट्रोल जाळावे लागते. त्यातून जी उष्णता पाण्याच्या वाट्याला येते ती पंचवीस लिटर गार पाणी उकळायला पुरेल. हे सर्व नेहमीच्या खर्चाच्या वर, अर्ध्या तासात, आणि वेग कमी असल्यामुळे रेडिएटरला समोरचा वारा नसताना. गाडी घाटातच का उकळते, ह्याचे गूढ एवढेच.

आता त्या फवाऱ्याचा हिशेब. समजा गाडीत पाच लिटर पाणी आहे आणि दाबाखाली ते ११५ अंशांना न उकळता स्वस्थ आहे. आपण झाकण काढले. दाब गेला. आता ते पाणी शंभर अंशांहून अधिक गरम राहूच शकत नाही. वरच्या पंधरा अंशांची उष्णता तत्क्षणी काही पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ह्यात पाण्याचा तीन टक्क्यांहूनही कमी भाग लागतो, फार तर पेलाभर. पण पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा व्यापते. त्या पेलाभर पाण्याची दोनशे लिटरांवर वाफ होते, म्हणजे एक मोठे पिंप भरून. ती उरलेले उकळते पाणी बरोबर घेऊन एका लहानशा तोंडातून बाहेर येते. तेथे टॉवेल काय करणार? आमच्या मेहुण्यांचे धैर्य कमी नव्हते. हा हिशेब त्यांना कोणी सांगितला नव्हता, इतकेच. आम्हांलाही ठाऊक नव्हता.

पाण्यात जे रंगीत द्रव्य घालतात त्याविषयी दोन शब्द. ते बहुधा इथिलीन ग्लायकोल असते. पाणी आणि ते निम्मेनिम्मे मिसळले की मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही आणि उघड्यावरही १०६-१०७ अंशांपर्यंत उकळत नाही. "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?" असे म्हणून ते टाळू नये. आपल्याला त्याचा उपयोग उकळी लांबवण्यासाठी आणि त्यातील गंजरोधक द्रव्यांसाठी आहे. उष्णता वाहून नेण्यात मात्र निव्वळ पाणीच सरस आहे; म्हणून ग्लायकोल प्रमाणाबाहेर घालून फायदा नाही. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानांच्या मर्लिन इंजिनात आरंभी निव्वळ ग्लायकोल असे. पुढे त्याच्या निर्मात्यांनी सत्तर टक्के पाणी आणि तीस टक्के ग्लायकोल दाबाखाली वापरायला सुरुवात केली. गरम द्रव वापरण्यामागचा विचार सोपा होता. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे द्रव आणि हवा ह्यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. बाहेर ४० अंश असताना द्रव ९० अंशांचा असेल तर फरक पन्नासाचा. तोच ११० चा केला तर सत्तराचा. तोच रेडिएटर चाळीस टक्के अधिक काम करतो. मोटारीलाही हाच न्याय लागू आहे. एक सावधगिरी: ग्लायकोल चवीला गोड आणि पोटात जाताच विषारी असते. मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेत ते सांडू देऊ नये.

ते घालणे होत नसेल तर निदान विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नका. आमच्या लहानपणी घरोघर तांब्याचे बंब होते. जड पाण्याने बंबाला आतून पांढरा क्षार बसे, आणि मग लाकडे किती घातली तरी पाणी तापायला वेळ लागे. तोच क्षार इंजिनात बसतो. बिडाच्या मानाने त्यातून उष्णता कितीतरी पटींनी हळू जाते. पाणी गार आणि भिंत जळती, अशी स्थिती होते, आणि काट्यावर काहीच दिसत नाही.

काट्यावरून आठवले. काट्यावर विश्वास ठेवावा, पण आंधळा नव्हे. पुष्कळ नव्या गाड्यांत काटा मुद्दामच मधोमध स्थिर ठेवलेला असतो. पाणी ८० चे १०० झाले तरी तो हलत नाही, नाहीतर मालक रोज गॅरेजमध्ये येईल! तो मधून हलला की समजावे, वेळ थोडा आहे. दुसरे असे की काटा सांगतो तो तापमापकाभोवतीच्या द्रवाचे. नळी फुटून पाणीच निघून गेले तर तापमापक कोरडा पडतो, आणि इंजिन जळत असताना काटा खाली उतरू शकतो. चढावर काटा एकाएकी थंडीकडे गेला तर आनंद मानू नका, थांबा.

घाटात काटा चढू लागला तर काय करावे, ते सांगून संपवतो. प्रथम वातानुकूलन बंद करावे. मग गाडीतील हीटर पूर्ण चालू करून त्याचा पंखा जोरात सोडावा. मे महिन्यात हे ऐकून आपण हसाल. पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची उष्णता आत खेचतो. माणसांना घाम येईल, इंजिन वाचेल. तरी काटा उतरला नाही तर सुरक्षित जागा पाहून थांबावे, इंजिन बंद करावे, आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. वरची रबरी नळी हाताला कोमट लागेपर्यंत धीर धरावा. त्यानंतरही कपडा ठेवून झाकण आधी थोडेसे, मग पुरते फिरवावे. तापल्या इंजिनात थंडगार पाणी ओतू नये; धातूला तडा जातो. आणि कोणी थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला दिला तर त्याला विचारावे, "नवा केवढ्याला पडेल?"

विजेच्या मोटारी आल्या, आता हे सारे कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांच्या बॅटरीभोवतीही पुष्कळ गाड्यांत असाच द्रव फिरवावा लागतो. बॅटरी गारठली की तिची रासायनिक क्रिया मंदावते, फार तापली की तिचे आयुष्य घटते. तिला मानवणारे तापमान पुष्कळ खालचे, आपल्या खोलीतल्या हवेच्या आसपासचे आहे. म्हणजे इंधन बदलले तरी "किती तापावे?" हा प्रश्न राहिलाच.

आमच्या मेहुण्यांचा हात बरा झाला, पण मनगटावरचा डाग राहिला. दर मे महिन्यात प्रवासाला निघताना ते गाडीपाशी येतात, इंजिन थंड आहे ह्याची खात्री करतात, स्वतः झाकण उघडून पाणी पाहतात आणि मग शांतपणे मागच्या सीटवर जाऊन बसतात. ही पाहणी सकाळी, घरच्या अंगणात करायची असते, पसरणीच्या घाटात नव्हे, एवढे त्या डागाने आम्हां सर्वांना शिकवले. तेच आपणांस सांगावे म्हणून आम्ही येथे उभे राहिलो.